टाळेबंदीतील थकलेले भाडे: आदेश काय होते आणि आधार किती होता

पिंपरी-चिंचवडमधील घरकामगार महिलांच्या गटासोबत काम करणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, २०२० च्या टाळेबंदीत शासनाने घरमालकांना तीन महिने भाडे मागू नका असे सांगितले होते, तरीही त्यांच्या वस्तीतील कितीतरी कुटुंबांना खोल्या सोडून गावी जावे लागले. मग त्या आदेशाला कायद्यात काही वजन होते की नव्हते, तेव्हाचे थकलेले भाडे आजही मागता येते का, आणि पुन्हा अशी साथ आलीच तर भाडेकरूने काय करावे व शासनाकडे काय मागावे. मी बावीस वर्षे पुण्यात लघुवाद न्यायालयात आणि भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्यासमोर वकिली करतो आहे. माझे बहुतेक पक्षकार भाडेकरू असतात, काही घरमालकही असतात. दोन्हीकडची कागदपत्रे हाताखालून गेल्यामुळे जे दिसले ते सविस्तर लिहितो.

आदेश खरे होते, पण ते एक नव्हते, आणि त्यांचे वजनही सारखे नव्हते. पहिला आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाचा, २९ मार्च २०२० चा. देशभर टाळेबंदी लागून चार-पाच दिवस झाले होते आणि महामार्गांवर चालत निघालेल्या मजुरांची रीघ लागली होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली काढलेल्या त्या आदेशात असे म्हटले होते की, स्थलांतरितांसह कामगार जेथे भाड्याने राहतात तेथील घरमालकांनी एक महिन्याचे भाडे मागू नये, आणि मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना जागा सोडण्यास भाग पाडणाऱ्या घरमालकावर याच कायद्याखाली कारवाई होईल. हा आदेश बंधनकारक होता, त्याच्या उल्लंघनाला शिक्षाही होती. मात्र तो एका महिन्यापुरता होता, आणि त्यात भाडे माफ झाल्याचे कोठेही म्हटलेले नव्हते. शिवाय या कायद्याच्या कलम ६० नुसार अशा गुन्ह्याची दखल न्यायालय घेते ती शासनाने किंवा संबंधित प्राधिकरणाने तक्रार केली तर. सामान्य माणसाला स्वतः तक्रार करायची असेल तर त्याने आधी किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे एका महिन्याच्या संरक्षणासाठी एका महिन्याची नोटीस. एप्रिल २०२० मध्ये मला दूरध्वनी करणाऱ्या प्रत्येकाला हे समजावून सांगताना जीव तुटत असे, कारण त्या माणसाच्या हातात आदेशाचा फोटो असायचा आणि दारात घरमालक उभा असायचा.

दुसरा आदेश महाराष्ट्र शासनाच्या गृहनिर्माण विभागाचा, १७ एप्रिल २०२० चा. ताईंच्या प्रश्नातला ‘तीन महिन्यांचा’ आदेश तो हाच. भाड्याची वसुली किमान तीन महिने लांबणीवर टाकावी आणि या काळात भाडे थकले म्हणून कोणालाही घराबाहेर काढू नये, अशा सूचना त्यात होत्या. ‘लांबणीवर टाकावी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण लांबणीवर टाकलेले भाडे हे देणेच राहते. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये त्यासाठी काहीही बदल झाला नाही, अध्यादेशही निघाला नाही. येथे थोडे मागे जावेसे वाटते: मुंबईत भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा १९१८ साली युद्धकाळातील भाडेवाढ रोखण्यासाठी झाला, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने या शहरात थैमान घातले. तेव्हाच्या परकीय सरकारलाही भाड्याच्या प्रश्नावर कायदा करावा लागला होता. २०२० मध्ये आपण सूचनांवर भागवले. सूचनेचा मान राखणारे घरमालक होते, पुष्कळ होते, त्यांना माझा नमस्कार. पण ज्याने मान राखला नाही त्याच्याविरुद्ध भाडेकरूने नेमक्या कोणत्या कलमाखाली कोणाकडे जायचे, हे त्या सूचनांतून कळत नव्हते.

तिसरे संरक्षण मुंबई उच्च न्यायालयाचे. न्यायालये जवळपास बंद असल्यामुळे, आधीच झालेले बेदखलीचे, ताबा घेण्याचे आणि पाडकामाचे हुकूम काही काळ अमलात आणू नयेत, असा आदेश पूर्णपीठाने मार्च २०२० अखेरीस दिला आणि तो पुढे वेळोवेळी वाढवत नेला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा तसाच आदेश झाला. या आदेशाला खरे दात होते. गिरगावच्या, दादरच्या किंवा पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यातील ज्या भाडेकरूविरुद्ध हुकूमनामा होऊन दरखास्त, म्हणजे तो अमलात आणण्याची कारवाई, चालू होती, त्याच्या दारात बेलिफ आला नाही. पण वस्तीतल्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला याचा उपयोग शून्य, कारण त्यांना बाहेर काढायला कोणी न्यायालयात गेलेलेच नव्हते. ज्यांच्याकडे खटला होता त्यांना संरक्षण मिळाले. ज्यांच्याकडे साधा करारही नव्हता त्यांना खोली खाली करून द्यावी लागली, आणि ती त्यांनी ‘स्वखुशीने’ दिली अशी नोंद राहिली. या एका शब्दामुळे महासाथीत किती घरे सुटली याचा हिशेब सरकारदरबारी कधीच उमटणार नाही.

एक प्रकरण जवळून सांगतो. नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच देत नाही. कपडे शिवून आणि दोन घरची धुणीभांडी करून संसार चालवणाऱ्या एक बाई जुलै २०२० मध्ये माझ्याकडे आल्या. दहा बाय दहाची खोली, भाडे ४,५०० रुपये, डिपॉझिट १५,००० रुपये, करार नाही. मुलाच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी हिशेब मांडला होता: ‘एप्रिल ४५०० डिपॉझिटमधून, मे ४५०० डिपॉझिटमधून, जून ४५०० डिपॉझिटमधून, राहिले १५००.’ त्याच्या खाली घरमालकीणबाईंच्या हाताने, वेगळ्या शाईत, ‘जुलै १० दिवस’ असे लिहिले होते. दिवसाचे दीडशे धरून त्यांनी उरलेल्या डिपॉझिटचे दिवस काढले होते. अकराव्या दिवशी संध्याकाळी खोलीचा फ्यूज काढून नेला. माझ्या सांगण्यावरून घरमालकीणबाईही दुसऱ्या दिवशी बोलायला आल्या. त्या विधवा होत्या, चार खोल्यांच्या भाड्यावर त्यांचे औषधपाणी चालत होते, दोन खोल्या मार्चमध्येच रिकाम्या झाल्या होत्या आणि डिपॉझिटचे पैसे आदल्या वर्षी पत्रे बदलण्यात गेले होते. डिपॉझिट भाड्यात ‘वळते करून घेतले’ म्हणजे त्यांच्या हातात एप्रिलपासून एक रुपयाही आला नव्हता. फ्यूज परत बसला, पण ऑगस्टमध्ये ते कुटुंब बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेले.

वहीच्या त्या पानावर महासाथीतील भाडेकरूंना मिळालेल्या सगळ्या आधाराचा ताळेबंद आहे. तीन महिने त्या बाई खोलीतून निघाल्या नाहीत, हे खरे. पण ते तीन महिने त्यांच्या साठवलेल्या पैशांतून आणि एका विधवेच्या बुडालेल्या उत्पन्नातून निघाले. शासनाने मुदत दिली, आणि मुदतीचा खर्च दोन गरीब बायांनी आपसात वाटून घेतला.

हे अटळ होते असे मला वाटत नाही, कारण त्याच काळात घरासाठी कर्ज काढलेल्यांच्या बाबतीत शासनाने आणि रिझर्व्ह बँकेने वेगळा विचार केला. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जांच्या हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती देण्याची मुभा बँकांना दिली आणि २२ मे रोजी ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. या सहा महिन्यांत व्याजावर जे व्याज चढले ते दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांपुरते केंद्र सरकारने ऑक्टोबरमधील योजनेद्वारे स्वतःच्या तिजोरीतून भरले. महाराष्ट्रात घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तीन टक्क्यांनी आणि नंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांनी कमी झाले. हे निर्णय चुकीचे होते असे मी म्हणत नाही. बांधकाम थांबले असते तर मजुरांचेच हाल झाले असते. पण घर विकत घेणाऱ्यासाठी तिजोरी उघडते आणि घर भाड्याने घेणाऱ्यासाठी घरमालकाला विनंती होते, हा फरक मला तेव्हाही खुपला आणि आजही खुपतो.

भाडेकरूंपर्यंत जे पोहोचले ते भाडे म्हणून पोहोचले नाही, आणि तरीही त्याचा उपयोग झाला, हे नोंदवायला हवे. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो मोफत धान्य मिळाले. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली आणि दुसऱ्या लाटेत काही काळ मोफत मिळाली. नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यात त्यांच्या कल्याणकारी मंडळाकडून एप्रिल २०२० मध्ये २,००० रुपये आले. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यात नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरकामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. धान्याचे पैसे वाचले की तेवढे भाड्याकडे वळतात, म्हणून रेशन हा भाडेकरूचा खरा आधार ठरला. पण पंधराशे रुपयांत वर सांगितलेल्या खोलीचे दहाच दिवसांचे भाडे निघते. आणि ‘नोंदणीकृत’ हा शब्द पुन्हा आडवा येतो: ताईंच्या गटातील किती महिलांची घरेलू कामगार मंडळाकडे नोंदणी होती आणि ती चालू होती, हे त्यांनाच चांगले माहीत असेल. माझ्याकडे आलेल्या बाईंची नव्हती.

आता थकलेल्या भाड्याकडे वळतो, कारण आजही मला यावरच सर्वांत जास्त विचारणा होते. टाळेबंदी होती म्हणून भाडे आपोआप माफ होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आग, वादळ, पूर किंवा अन्य अनिवार शक्तीने जागाच वापरण्याजोगी राहिली नाही तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय भाडेकरूला आहे. पण जागा शाबूत आहे, भाडेकरू तेथेच राहतो आहे आणि कमाई मात्र थांबली आहे, या परिस्थितीला ते कलम लागू पडत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले: करारात तशी अट असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर जागा ताब्यात ठेवून भाडे नाकारता येत नाही, हप्ते किंवा थोडी सवड न्यायालय देऊ शकते.

मात्र मागण्याला कालमर्यादा आहे. भाड्याच्या थकबाकीसाठी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. महासाथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्व मुदतींतून वगळला होता, त्यामुळे टाळेबंदीच्या महिन्यांचे जे भाडे थकले त्याची तीन वर्षे १ मार्च २०२२ पासून मोजली जाऊन ढोबळमानाने फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. त्याआधी दावा लागला नसेल तर आज त्या रकमेची वसुली न्यायालयातून होणे कठीण आहे. येथे एक मोठी मेख आहे. मुदत संपण्याआधी भाडेकरूने थकबाकीची लेखी कबुली सही करून दिली असेल, तर त्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. २०२२ आणि २०२३ मध्ये नवा करार करताना अनेक घरमालकांनी ‘मागील बाकी अमुक रुपये’ असे एक वाक्य हळूच घालून घेतले, आणि भाडेकरूंनी ते न वाचता सही केली. ताईंनी आपल्या गटातील महिलांचे जुने करार काढून हे एक वाक्य आहे का ते आवर्जून पाहावे, आणि पाहिल्याशिवाय कोणालाही घाबरून पैसे भरायला किंवा नवा कागद करून द्यायला सांगू नये.

भाडे थकले म्हणून घर जाते का, याचे उत्तर आपण कोणत्या प्रकारचे भाडेकरू आहोत यावर अवलंबून आहे, आणि बहुतेकांना आपला प्रकारच ठाऊक नसतो. जो भाडे नियंत्रण कायद्याच्या अर्थाने भाडेकरू आहे, त्याला कलम १५ चे भक्कम संरक्षण आहे. थकबाकीसाठी घरमालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, त्यानंतर नव्वद दिवस थांबावे लागते, आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी, वार्षिक १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा जात नाही. पण आज शहरात भाड्याने राहणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे असतो तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना. त्यांना कलम १५ लागू नाही. त्यांना कलम २४ लागू होते: कराराची मुदत संपली की घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही तर ताब्याचा आदेश होतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही लागते. एप्रिल किंवा मे २०२० मध्ये ज्यांचा करार संपला आणि गाड्याच बंद असल्यामुळे जे हलू शकले नाहीत, अशा कुटुंबांविरुद्ध पुढे दुपटीची मागणी झालेली मी पाहिली आहे. अशा प्रकरणांत बाजू मांडता येते, मी मांडलीही आहे, पण कायद्यात त्यासाठी एक ओळ जरी असती तर ती बाजू मांडावीच लागली नसती.

ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनी मात्र आपण सर्वांत कमकुवत आहोत असे समजू नये. लेखी करार करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. घोषित झोपडपट्टी क्षेत्रात तर १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम २२ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय राहणाऱ्याला बाहेर काढण्याची कारवाईच करता येत नाही. हे कलम वस्त्यांमध्ये फारसे कोणाला माहीत नाही, हे मी खेदाने सांगतो. पण म्हणणे ग्राह्य धरले जाण्यासाठी आपण तेथे राहत होतो आणि भाडे देत होतो एवढे तरी दाखवता आले पाहिजे. भाड्याची पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. पावती मिळत नसेल तर पैसे फोनवरून पाठवावेत आणि नोंदीत ‘जून महिन्याचे भाडे’ असे लिहावे. रोख द्यायचे असेल तर वहीत रक्कम लिहून समोरच्याची सही घ्यावी. वर सांगितलेल्या बाईंच्या वहीतील ‘जुलै १० दिवस’ हे दुसऱ्या शाईतले शब्द त्यांचे भाडेकरूपण सिद्ध करायला पुरेसे होते.

फ्यूज काढणे, पाणी तोडणे, कुलूप बदलणे हे सगळे बेकायदेशीर आहे, मग भाडे कितीही थकलेले असो. भाडेकरूचा वीजपुरवठा किंवा पाणी योग्य कारणाशिवाय तोडण्यास भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने मनाई आहे आणि न्यायालय ते तातडीने पूर्ववत करायला लावू शकते. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मिळवता येतो, आणि त्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकायला मिळेल. तेव्हा घरात बेकायदा शिरणे आणि अडवणूक करणे हे फौजदारी गुन्हे आहेत, असे लिहिलेला अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. ती पोच पुढे न्यायालयात फार कामाला येते. वकिलाच्या फीची चिंता महिलांनी करू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

शासनाकडे काय मागावे, या प्रश्नावर माझे मत बावीस वर्षांत हळूहळू बनले आणि २०२० ने ते पक्के केले: बेदखलीवर बंदी आणि भाड्यासाठी रोख मदत या दोन गोष्टी एकत्र मागाव्यात, एकीशिवाय दुसरी मागू नये. नुसती बंदी आणली तर देणे साचत जाते आणि बंदी उठली की एकदम अंगावर येते. अमेरिकेत सप्टेंबर २०२० पासून देशव्यापी बंदी होती आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती संपवली; पण दरम्यान तेथील संसदेने भाड्याच्या मदतीसाठी आधी २५ अब्ज आणि नंतर २१.५५ अब्ज डॉलर मंजूर केले होते, आणि ती रक्कम भाडेकरूच्या वतीने थेट घरमालकाला देता येत होती. वाटप सुरुवातीला फार रखडले, तो दोष मोठा होता. तरीही भाड्याचे पैसे घरमालकाच्या हातात पडले की भाडेकरूचे घर टिकते, ही त्यामागची समज योग्य होती. वर सांगितलेल्या घरमालकीणबाईंना तीन महिन्यांचे साडेतेरा हजार रुपये मिळाले असते, तर फ्यूज काढायला हात गेला नसता.

आपल्याकडे असे वचन दिले गेले होते. दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी २९ मार्च २०२० रोजी पत्रकार परिषदेत, गरिबांना भाडे देणे जमले नाही तर सरकार ते भरेल, असे जाहीर सांगितले. भाडेकरू आणि मजूर न्यायालयात गेले, आणि जुलै २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने असे वचन वाऱ्यावर सोडता येत नाही, सरकारने त्यावर सहा आठवड्यांत निर्णय घ्यावा, असे सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते की, पत्रकार परिषदेतील आश्वासनावर विसंबू नये. योजना शासन निर्णयात, रकमेसह आणि अर्जाच्या नमुन्यासह यायला हवी.

लांब पल्ल्याचा उपाय म्हणून केंद्राने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आणली. शहरांतील सरकारी पैशांतून बांधलेली आणि रिकामी पडलेली एक लाखाहून अधिक घरे स्थलांतरित कामगारांना भाड्याने द्यायची, ही त्यातील पहिली कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात वापरात आली ती काही हजार घरे. महाराष्ट्राला यात नवे शिकण्यासारखे काही नव्हते, कारण मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्येच १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आखली होती. त्यातील पनवेलजवळच्या कोन येथील घरे नंतर गिरणी कामगारांना विकायची ठरली, आणि महासाथीत तीच विलगीकरण केंद्र म्हणून वापरली गेली. भाड्याची म्हणून बांधलेली घरे दरवेळी भाडेकरू सोडून दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येतात, हे आपल्या धोरणाचे जुने दुखणे आहे.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राज्यांसाठी नमुना म्हणून मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकेच असावे, अशी तरतूद आहे. आपत्तीच्या काळात कराराची मुदत संपली तर आपत्ती ओसरल्यानंतर महिनाभर त्याच अटींवर राहू द्यावे, असेही त्यात आहे. पण आपत्तीच्या व्याख्येत युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि निसर्गाने ओढवलेली अन्य आपत्ती आहे. महासाथीचा शब्द नाही, महासाथीच्या काळातच तो मसुदा मंजूर होऊनही नाही. आपत्तीमुळे जागा राहण्याजोगी उरली नाही किंवा तेथे राहता आले नाही तर भाडे घेऊ नये, असे त्यात आहे; पण जागा शाबूत असून कमाई थांबली तर भाड्याचे काय, याबद्दल तो गप्प आहे. महाराष्ट्राने आपल्या कायद्यात बदल करायचे ठरवले, तर ताईंसारख्यांच्या गटांनी हे दोन मुद्दे लेखी हरकतींत मांडावेत, आणि सोबत तिसरा: घोषित आपत्तीच्या काळात कलम २४ खालील दुप्पट भरपाई लागू होणार नाही.

तोवर कराराच्या कागदावर आपल्या हातात जे आहे ते करावे. नोंदणीच्या मसुद्यात जादा अटी घालता येतात आणि घरमालकाशी संबंध चांगले असतात ते कराराच्या सुरुवातीलाच, म्हणून बोलणे तेव्हाच करावे. मी माझ्या पक्षकारांना घालायला सांगतो ती अट अशी: ‘शासनाने साथरोग किंवा आपत्तीमुळे या भागात संचार किंवा कामधंदा बंद केल्यास, त्या काळातील भाड्यापैकी निम्मी रक्कम दरमहा देय राहील व उरलेली निम्मी बंदी उठल्यानंतर सहा समान मासिक हप्त्यांत बिनव्याजी देय होईल, त्या काळात कराराची मुदत संपल्यास बंदी उठल्यानंतर एक महिन्यापर्यंत परवाना याच दराने चालू राहील, आणि डिपॉझिट भाड्यात वळते करायचे असल्यास दोघांच्या सहीच्या लेखी नोंदीनेच केले जाईल.’ निम्म्याचा आग्रह धरू नये. घरमालकाचे घर त्या भाड्यावर चालत असेल तर दोन तृतीयांशही चालेल. गेल्या तीन-चार वर्षांत ही अट मी अनेक करारांत घातली आणि ज्यांनी नाकारली ते घरमालक थोडेच होते, कारण संकटाच्या काळात निम्मे भाडे दरमहा हातात पडेल याची लेखी खात्री त्यांनाही हवी असते.